इंचात मोजा, पौंडात ठरवा

अमेरिकेत आणि कॅनडात सुट्टीचं फिरतं घर पिकअपमागे जोडून हिंडणाऱ्यांचा एक जुना वाद आहे. पिकअपचा हौदा आखूड असेल, तर फिफ्थ-व्हील जातीच्या ट्रेलरसाठी हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, कोणता बसवावा? एक गट सांगतो, सरकता हिच घेतल्याशिवाय गाडी घराबाहेर काढूच नका. नाहीतर एखाद्या अवघड वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत घुसलाच म्हणून समजा. दुसरा गट म्हणतो, आम्ही साध्या स्थिर हिचवर सगळा देश पालथा घातला, कुठे काही बिघडलं नाही. दोन्ही बाजूंचा अनुभव खरा आहे, आणि म्हणूनच नवख्या माणसाला त्यातून काही ठरवता येत नाही. माझ्या मते घोळ होतो तो प्रश्नाला चुकीच्या टोकाने हात घातल्यामुळे. हिच ही निवडीची तिसरी पायरी आहे. पहिली पायरी ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधली जागा मोजण्याची, दुसरी ट्रकवर पडणारं वजन मोजण्याची. या दोन पायऱ्या नीट चढल्या की हिचचे बहुतेक पर्याय आपोआप गळून पडतात. बऱ्याच जणांच्या बाबतीत तर असं दिसतं की ज्या महागड्या हिचसाठी ते खिसा रिकामा करायला निघाले होते तो त्यांना लागतच नव्हता. त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

आधी रचना समजून घेऊ. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरपाशी एका गोळ्यावर अडकतो. फिफ्थ-व्हीलचं तसं नाही. त्याचा पुढचा भाग उंच उचललेला असतो, तो पिकअपच्या हौद्यावर येतो, आणि त्याच्या खालून निघालेली 2 इंच व्यासाची पोलादी किंगपिन हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकते. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही जोडणी नवी नाही. तत्त्व तेच आहे. फायदाही तोच. ट्रेलरचं वजन ट्रकच्या शेपटीवर लोंबकळत नाही, ते मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर येतं, त्यामुळे वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या वाहनामुळे ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डोलत नाही. पण कंटेनर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे हौदा नसतो, आणि त्याची केबिन व ट्रेलर यांच्यातलं अंतर वळणाचा विचार करूनच ठेवलेलं असतं. पिकअप मात्र मुळात सामान आणि माणसं वाहायला केलेली गाडी आहे. विमानविद्येतला अग्रणी ग्लेन कर्टिस याने 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर काढला, तेव्हा तो साध्या मोटारीला जोडण्यासाठी त्याने विमानाचं चाक आडवं बसवून त्यातच जोड अडकवला होता. रोजच्या वापरातल्या गाडीकडूनच ओझं ओढण्याचं कामही करून घ्यायचं, ही हौस तेव्हापासूनची आहे, आणि आजची आखूड हौद्याची अडचण तिच्याच पोटी जन्मलेली आहे.

पिकअपचे हौदे ढोबळमानाने तीन मापांत येतात: लांब म्हणजे 8 फूट, आखूड म्हणजे साडेसहा फुटांच्या आसपास, आणि अर्ध्या टनाच्या वर्गातल्या चार दारांच्या गाड्यांना मिळणारा साडेपाच फुटांचा. फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेत आखूड हौदा पावणेसात फुटांचा असतो. आता गंमत अशी की हौद्याची लांबी हा आपल्या कामाचा आकडाच नाही. कामाचा आकडा आहे मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून केबिनच्या पाठीपर्यंतचं अंतर, कारण किंगपिन ॲक्सलच्या बरोबर वर किंवा एक-दोन इंच पुढे बसवायची असते. 8 फुटी हौद्यात हे अंतर सुमारे 56 इंच भरतं, पावणेसात फुटीमध्ये सुमारे 40, आणि साडेपाच फुटीमध्ये तिशीच्या आसपास. समोर ट्रेलरची रुंदी बहुतेक 96 ते 102 इंच असते. किंगपिन मधोमध असल्याने तिच्यापासून ट्रेलरची बाजू 48 ते 51 इंचांवर. ट्रक ट्रेलरशी काटकोनात उभा राहिला तर ही बाजू केबिनच्या पाठीला समांतर येते. 56 इंच जागा असेल तर 51 इंचांचा ट्रेलर आरामात फिरतो, 40 इंचांत तो फिरणार नाही. वादाचं मूळ एवढंच आहे, आणि ते कुणालाही दोन मिनिटांत टेप लावून तपासता येतं.

पण काटकोन हा एकच कोन नाही, आणि ट्रेलरचा पुढचा भाग प्रत्येक वेळी चौकोनी खोक्यासारखा नसतो. इथे थोडं गणित करण्यासारखं आहे. ट्रेलर 96 इंच रुंद, कोपरे चौकोनी, आणि किंगपिन त्याच्या पुढच्या भिंतीच्या बरोबर खाली आहे असं धरू. केबिन 40 इंचांवर असेल तर कोपरा केबिनला सुमारे 56 अंशांच्या वळणावर टेकेल. आता किंगपिन ज्या पोलादी पेटीला जोडलेली असते ती पेटी लांब करून किंगपिन भिंतीच्या 12 इंच पुढे आणली, तर तोच कोपरा सुमारे 68 अंशांपर्यंत टेकत नाही. म्हणजे केवळ पेटी बदलून 12 अंशांची सूट मिळाली. पूर्ण काटकोनात मात्र लांब पेटीचा काही उपयोग नाही, कारण तिथे रुंदीच आडवी येते. म्हणून ट्रेलर बनवणारे गेली काही वर्षं पुढचे कोपरे आत वळवतात, गोल करतात किंवा त्यांना खाचा पाडतात. किंगपिनपासून केबिनच्या दिशेने सर्वांत दूर येणारा बिंदू अशा ट्रेलरमध्ये 48 इंचांवर राहत नाही, तो आत सरकतो. लांब पेटी आणि आत वळलेले कोपरे एकत्र आले की 40 इंचांच्या जागेत बऱ्याच ट्रेलरांना नित्याची सगळी वळणं घेता येतात. ‘आम्ही साध्या हिचवर देश पालथा घातला’ असं सांगणाऱ्यांच्या अनुभवामागचं कारण बहुधा हेच असतं. मात्र त्यांचा ट्रेलर आणि तुमचा ट्रेलर वेगळा असेल, तर त्यांच्या अनुभवाची किंमत तुमच्यासाठी शून्य.

कागदावरच्या या हिशोबात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे जमीन. कॅम्पग्राउंडमधली जागा क्वचितच सपाट असते. ट्रक चढावर आणि ट्रेलर उतारावर असेल, तर ट्रेलरचा वरचा कोपरा केबिनकडे झुकतो किंवा दूर जातो. किंगपिनपासून 3 फूट वर असलेला बिंदू 5 अंशांच्या फरकाने 3 इंचांहून जास्त सरकतो. सपाट पार्किंगमध्ये दोन इंच मोकळे राहिले म्हणून निर्धास्त झालेला माणूस इथेच फसतो. तेव्हा मोजलेल्या जागेत किमान चार-सहा इंचांची सवड धरूनच निर्णय करावा. हाच नियम उभ्या दिशेलाही लागू आहे: ट्रेलरचा तळ आणि हौद्याच्या कडा यांत साधारण 6 इंचांचं अंतर लागतं, नाहीतर आडव्या उतारावर वळताना कड चेपते. आजकालचे चारचाकी ओढीचे ट्रक इतके उंच झाले आहेत की हे अंतर साधण्यासाठी हिच वर उचलावा लागतो, मग ट्रेलरचं नाक वर जातं आणि त्याच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो. म्हणजे जागेचा प्रश्न आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही मापांत पाहायला हवा. हिच विकणाऱ्यांच्या जाहिरातीत यातलं फक्त आडवं माप दिसतं.

हे झाल्यावर हिचच्या पर्यायांकडे वळू. पहिला स्थिर हिच. यात सरकणारा एकही भाग नाही, म्हणून तो तुलनेने हलका, स्वस्त आणि भरवशाचा. स्वाभाविक शंका अशी की जागा कमी पडते आहे तर हाच हिच दहा इंच मागे का बसवू नये? कारण तिथे पाणी वेगळीकडे मुरतं. किंगपिन ॲक्सलच्या मागे गेली की ट्रक तरफेसारखा वागतो. मागून दाब पडला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड कमी होते, आणि ट्रेलर बाजूला रेटू लागला की त्याला ट्रकची शेपटी ढकलायला लांब दांडा मिळतो. महामार्गावरच्या वेगात ही गोष्ट धोक्याची आहे. फिफ्थ-व्हीलचा सगळा मोठेपणा वजन ॲक्सलवर येण्यात आहे. तोच घालवून केबिन वाचवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पुढे येणारे सगळे पर्याय समजून घेताना ही कसोटी हातात ठेवावी: धावताना जोड ॲक्सलवर असावा, आणि मागे जायचा असेल तर तो फक्त सावकाश वळताना जावा.

हाताने सरकवायचा हिच याच कसोटीवर उभा आहे. धावताना तो पुढच्या खाचेत अडकलेला असतो. अवघड जागी ट्रेलर मागे घालायची वेळ आली की चालक खाली उतरतो, दांडा ओढून कुलूप सोडतो, परत गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरतो आणि ट्रक हळूच पुढे घेतो. ट्रेलर जागच्या जागी उभा, ट्रक पुढे, त्यामुळे हिचचं डोकं सुमारे फूटभर मागे सरकून दुसऱ्या खाचेत अडकतं. काम झालं की ट्रक मागे घेऊन तीच क्रिया उलट करायची, आणि कुलूप खरंच बसलं का ते उतरून पाहायचं. यंत्र साधं आहे, पण त्याची दोन दुबळी अंगं आहेत. एक, उतारावर किंवा किंगपिनवर ताण असताना कुलूप सुटत नाही. ट्रक जरासा पुढे-मागे करत बसावं लागतं, आणि नेमक्या अवघड जागीच एवढी मोकळीक नसते. दुसरं अंग जास्त महत्त्वाचं: हा हिच तुम्ही सरकवलात तरच केबिन वाचवतो. पेट्रोल पंपावर चुकून आत शिरलो आणि बाहेर पडायला झटक्यात वळावं लागलं, अशा वेळी कुणी उतरून दांडा ओढत नाही. केबिनची काच बहुतेक वेळा फुटते ती ठरवून केलेल्या हालचालीत नव्हे, अशा घाईच्या वळणात. आणि परतताना डोकं पुढच्या खाचेत न आणता तसंच महामार्गाला लागणं ही चूकही याच हिचने शक्य केलेली आहे.

स्वयंचलित सरकत्या हिचने हा माणसाच्या विसराळूपणाचा भाग काढून टाकला. पुलराइट या कंपनीचा ‘सुपरग्लाइड’ हे त्याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. यात किंगपिनभोवती एक पट्टी बसवतात, त्यामुळे हिचचं डोकं ट्रेलरबरोबरच फिरतं. ते फिरलं की त्याखालची यंत्रणा त्याला मागे ढकलते, आणि गाडी सरळ झाली की ते आपसूक ॲक्सलवर परत येतं. वळण जितकं अवघड तितकं सरकणं जास्त, आणि अवघड वळण वेगात कुणी घेत नाही, म्हणून वजन ॲक्सलमागे गेलं तरी ते धोक्याच्या वेगात जात नाही. तांत्रिकदृष्ट्या सर्व पर्यायांत हे उत्तर सर्वांत नेटकं आहे. किंमत मात्र स्थिर हिचच्या कितीतरी पट, वजन जास्त, सरकत्या भागांना वेळोवेळी ग्रीस हवं, आणि ट्रेलर बदलला की त्याच्या पेटीला जुळणारी पट्टी नव्याने घ्यावी लागते. शिवाय सरकण्यालाही मर्यादा आहे. साडेपाच फुटी हौद्यात जागा 30 इंच धरली आणि हिच फूटभर मागे गेला, तरी अंतर होतं 42 इंच. चौकोनी कोपऱ्यांच्या, 96 इंची ट्रेलरला त्यात 61 अंशांच्या पुढे वळता येत नाही. म्हणजे सर्वांत महाग हिच घेऊनही ट्रेलरचा आकार विचारात घ्यावाच लागतो.

चौथा मार्ग हिच सोडून ट्रेलरलाच हात घालतो. ‘साइडवाइंडर’ नावाने ओळखली जाणारी पेटी किंगपिनला हिचमध्ये फिरू देत नाही; एक पाचर बसवून ती तिथे घट्ट धरते, आणि फिरण्याचा बिंदू 22 इंच मागे, ट्रेलरच्या नाकाखाली नेते. ट्रकमध्ये साधा स्थिर हिच असला की पुरे. तिशीतली जागा एकदम पन्नाशीत जाते, म्हणून साडेपाच फुटी हौद्याच्या मालकांना हा पर्याय सर्वांत जवळचा वाटतो, आणि वळणाच्या हिशोबात तो खरंच खरा उतरतो. गाडी सरळ असताना उभं वजन हिचवरच, म्हणजे ॲक्सलवरच येतं, ही त्याची जमेची बाजू. पण ट्रेलरचा आडवा रेटा आता कायमच मागून येतो. फक्त वळताना नव्हे, महामार्गावरही. पाचर त्या-त्या हिचच्या मापाचीच हवी, ती सैल झाली की पेटी मध्येच हलते आणि सगळा मामला बिघडतो. एका ट्रेलरला अनेक ट्रक ओढणार असतील तर ही सोय चांगली. एका ट्रकने अनेक ट्रेलर ओढायचे असतील तर उलट. ट्रेलरच्या सांगाड्याची हमी देणारी कंपनी असा बदल मान्य करते का, हे मात्र आधी लेखी विचारून घ्यावं.

शेवटचा गट हलक्या हिचचा. हौद्याच्या तळात, ॲक्सलच्या वर गूसनेकचा, म्हणजे हौद्यातच अडकणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या ट्रेलरचा, गोळा आधीच बसवलेला असेल तर त्यावरच ॲल्युमिनियमची चौकट उभी करणारा अँडरसन कंपनीचा हिच फक्त 35 पौंडांच्या आसपास भरतो; एक माणूस तो उचलून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवू शकतो. किंगपिनला एक डबी कायमची बसते आणि ती चौकटीवरच्या गोळ्यावर अडकते. चौकट थोडी मागे-पुढे फिरवून गोळा काही इंच हलवता येतो, पण केबिनच्या प्रश्नावर याचं मूळ उत्तर काहीच नाही. याचं उत्तर वजनावर आहे. याच्याशी गल्लत होते ती गूसनेक अडॅप्टरची. त्यात किंगपिनच्या जागी लांब खांब खाली उतरवून थेट तळातल्या गोळ्यावर टेकवतात. हौदा रिकामा राहतो हे खरं, पण खांब जितका लांब तितका ब्रेक मारताना ट्रेलरच्या सांगाड्याला बसणारा पिळा जास्त. सांगाडे बनवणाऱ्या कंपन्या अशा साध्या अडॅप्टरवर नाराज असतात त्यामागचं कारण हे. झटका शोषणाऱ्या, त्यासाठीच बनवलेल्या गूसनेक पेट्या वेगळ्या, आणि त्या घेताना सुरक्षा साखळ्याही लावाव्या लागतात.

आता दुसरी पायरी, वजनाची. आणि माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. फिफ्थ-व्हीलच्या भरलेल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा किंगपिनवर येतो. कंपनीच्या पत्रकातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. प्रत्यक्षात गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या आणि सामानाचा मोठा कप्पा नाकाखालीच असतात, त्यामुळे भरल्यावर किंगपिनवरचा बोजा पत्रकाहून वाढतो. आता अर्ध्या टनाच्या वर्गातला एक ट्रक घेऊ. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर त्याची वहनक्षमता 1,700 पौंड लिहिली आहे. ट्रेलर हलका निवडला, भरून 8,000 पौंड. किंगपिनवर 1,600, दोन माणसं 350, सरकता हिच 200: बेरीज 2,150. हिच 35 पौंडांचा घेतला तरी 1,985. कुठलाही हिच हा हिशोब जुळवत नाही. पाऊण टनाच्या डिझेल ट्रकचीही तीच कथा. त्यांपैकी अनेकांचं एकूण कमाल वजन 10,000 पौंडांवर बांधलेलं असल्याने, जड इंजिन आणि चार दारांच्या केबिनचं वजन वजा जाता वहनक्षमता 2,300 च्या आसपास उरते. 11,000 पौंडांच्या ट्रेलरचे 2,200 पौंड, म्हणजे जवळजवळ एक मेट्रिक टन, एकट्या किंगपिनवर आले की हिचला आणि माणसांना मिळून शंभर पौंड शिल्लक. ज्याला आपण जागेचा प्रश्न समजत होतो तो इथे येऊन वजनाचा ठरतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: स्टिकरवरचे आकडे कंपन्या सावधगिरीने कमी लिहितात, ट्रक त्याहून कितीतरी जास्त उचलतो. ट्रक उचलतो यात शंका नाही. प्रश्न मागच्या ॲक्सलच्या आणि टायरच्या कमाल भाराचा आहे, आणि तो स्वतंत्र आकडा आहे. एखाद्या गाडीत ॲक्सलची क्षमता स्टिकरपेक्षा उदार असते, एखाद्या गाडीत टायर आधी हात टेकतात. कुणाच्या गाडीत काय आहे हे तर्काने कळत नाही, काट्यावर चढल्यावर कळतं. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे आहेत. थोड्या डॉलरांत पुढच्या, मागच्या आणि ट्रेलरच्या ॲक्सलचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. हिचवर हजार-दोन हजार डॉलर घालण्यापूर्वी हा कागद हातात असावा. ज्यांना नियमच नकोत त्यांचं समाधान करता येणार नाही, पण अपघातानंतर विमा कंपनी आणि वकील याच आकड्यांकडे बोट दाखवतात, एवढं त्यांनीही लक्षात ठेवावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. केबिनची काच आणि छत एकदा फुटलं तर हजारो डॉलरांचा खर्च. मग मोजमापात न अडकता सरकता हिच घेऊन टाकणं हा स्वस्त विमाच नाही का? ज्यांची मोजणी सीमेवर आहे, म्हणजे सवड दोन-तीन इंचांचीच राहते, त्यांच्यासाठी हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण हाताने सरकवायचा हिच हा विमा नव्हे, कारण हप्ता भरूनही तो घाईच्या वळणात लागू होत नाही. विमाच हवा असेल तर तो स्वयंचलित हिचचा असतो, आणि त्याची किंमत व वजन दोन्ही हिशोबात धरावं लागतं. ज्यांना टेपने मोजून पुरेशी सवड मिळते, त्यांच्यासाठी दोनशे पौंडांची यंत्रणा हौद्यात कायम वाहून नेणं म्हणजे जिथे वहनक्षमतेची टंचाई आहे तिथेच ती उधळणं. तिसरा आक्षेप सरळ आहे: मग लांब हौद्याचाच ट्रक का घेऊ नये? जागेचं कोडं तिथे सुटतं हे निर्विवाद. पण चार दारांच्या सुपर ड्यूटीचं चाकांमधलं अंतर आखूड हौद्यात सुमारे 160 इंच, लांबमध्ये सुमारे 176. हे वाढलेले 16 इंच रोजच्या पार्किंगमध्ये, दुकानांच्या आवारात आणि घराच्या गॅरेजमध्ये वर्षभर सोसावे लागतात, ट्रेलर ओढायचा तो वर्षातून काही आठवडे. जो वर्षाचे सहा महिने रस्त्यावर राहणार आहे त्याने लांब हौदा घ्यावा. बाकीच्यांनी आखूड हौद्यालाच नीट मोजावं.

हिच कुठलाही असो, दोन गोष्टींत काटकसर करू नये. एक, तो ट्रकला कसा धरतो. फोर्डने 2011 पासून सुपर ड्यूटीत हौद्याच्या तळातच फिफ्थ-व्हीलसाठीची सोय देऊ केली. पुढे इतर कंपन्यांच्या जड ट्रकांतही ती आली. ती असेल तर हिच काही मिनिटांत बसतो आणि निघतो, हौदाही मोकळा मिळतो. नसेल तर चेसिसला बोल्ट केलेले रूळ लागतात, आणि हे काम अंदाजाने करण्याचं नाही. दुसरी गोष्ट जबड्याची. किंगपिनला चारी बाजूंनी कवटाळणारा जबडा आणि चारी दिशांना झुकणारं डोकं असलं की ट्रेलर खडखडत नाही, आणि आडव्या जमिनीवर जोडताना किंगपिन जबड्याच्या वरच टेकून राहण्याचा धोका कमी होतो. हा धोका काचेहून मोठा आहे. पिन अडकली असं वाटतं, ट्रेलरला पुढून टेकू देणारे पाय वर घेतले जातात, ट्रक पुढे निघतो आणि ट्रेलर हौद्याच्या कडांवर आदळतो. म्हणून पाय पूर्ण वर घेण्याआधी ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक जरा पुढे ओढून पाहायचा, हा नियम प्रत्येक हिचला सारखाच. उत्तर अमेरिकेत अशा जोडांच्या मजबुतीची चाचणी एसएई जे2638 या मानकाने होते. हिचवर त्याचा उल्लेख आहे की नाही हे खरेदीच्या वेळी पाहावं.

एवढ्या हिशोबानंतर निवड फारशी अवघड उरत नाही. साडेसहा ते पावणेसात फुटी हौदा, कोपरे आत वळलेला ट्रेलर आणि मोजून मिळालेली चार-सहा इंचांची सवड असेल, तर चांगल्या जबड्याचा स्थिर हिच पुरतो. वजनाची ओढाताण असेल तर हलका ॲल्युमिनियमचा. तोच हौदा आणि चौकोनी कोपऱ्यांचा जुना ट्रेलर असेल तर स्वयंचलित हिच घ्यावा, आणि पैसे नसतील तर हाताने सरकवायचा, पण त्याच्या मर्यादा ओळखून. साडेपाच फुटी हौदा असेल तर आधी किंगपिनवरचा भार आणि दारावरचा स्टिकर शेजारी-शेजारी मांडावेत. बेरीज जुळली तर स्वयंचलित हिच किंवा ट्रेलरवरची फिरती पेटी. नाही जुळली, आणि बहुतेकदा ती जुळत नाही, तर हिचच्या दुकानात जाण्याऐवजी हलका ट्रेलर किंवा जड वर्गाचा ट्रक पाहावा. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबंही आता या छंदाकडे वळू शकतात. त्यांनाही सल्ला हाच. विक्रेता हिच कितीही तळमळीने दाखवो, खरेदी करण्यापूर्वी त्याला आपल्या ट्रकचा स्टिकर, वजनकाट्याचा कागद आणि टेपने घेतलेली दोन मापं दाखवावीत. ते पाहूनही तो पहिल्याच मॉडेलवर अडून बसला, तर दुकान बदलावं.